परत करायच्या बोलीवर!

वाटीभर साखर, मैत्रिणीची कुर्ती, ऑफिसमधला चार्जर... उसनं घेणं ही आपली हॉबीच! पण म्युझियमं एकमेकांकडून उसनं घेतात तेव्हा काय होतं? साताऱ्याच्या रांगेपासून शहाद्याच्या जंगलापर्यंतची ही सैर. आणि मध्ये आमच्या आजीचा अडकित्ता.

२०२४चा पावसाळा. रविवार सकाळ. तुमच्यासारखीच मीही खरं तर रजईत असायला हवी होते. पण मी होते साताऱ्यात, एका लांबलचक रांगेत, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात गार होत चाललेला कटिंग घेऊन. पुढे शाळेची सहल, मागे भगवे फेटे बांधलेला मुलांचा ग्रुप आणि शेजारी माझे बाबा, लग्नाला निघाल्यासारखे इस्त्रीच्या शर्टात. निमित्त अर्थातच वाघनखं!

१९ जुलै २०२४ला साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं बघायला खुली झाली आणि बाबांनी घरात एकच धोशा लावला, ‘जायचं म्हणजे जायचं.’ शेवटी मी गाडी काढली.

आत गेलो. काचेपलीकडे पोलादाची ती छोटीशी वस्तू. हो, छोटीशीच. डोक्यात अफझलखानाचं सगळं चित्र घेऊन गेलेल्या माणसाला पहिल्यांदा धक्का बसतो तो साइजचा. बाबा दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मागून ‘पुढे चला, पुढे चला’ सुरू झालं. बाहेर आल्यावर त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, ‘सगळं ठीक आहे गं. पण आपलीच वस्तू आपण उसनी आणायची?’

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा बाबांचा प्रश्न डोक्यात घेऊनच मी परतले आणि नंतरचे कित्येक महिने जो भेटेल त्याला ‘म्युझियममधली वस्तू उसनी कशी मिळते हो?’ असं विचारत सुटले. त्यातून जे हाती लागलं ते सॉलिड इंटरेस्टिंग आहे.

आधी वाघनखांचा हिशोब

ऑक्टोबर २०२३मध्ये लंडनमध्ये राज्य सरकार आणि व्ही अँड ए यांच्यात करार झाला. वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात येणार, ठरलेल्या शहरांत फिरणार आणि मग परत जाणार. साताऱ्यानंतर २०२५मध्ये ती नागपूरला गेली, मग कोल्हापूरला. म्हणजे ही भेट नाही, भाडं नाही, विक्री तर नाहीच. हे ‘लोन’ आहे. ईएमआय नसलेलं लोन!

देऊनच का टाकत नाहीत? कारण इच्छा असो वा नसो, तिथला कायदाच आडवा येतो. व्ही अँड एसारख्या ब्रिटनच्या राष्ट्रीय संग्रहालयांना आपल्या संग्रहातल्या वस्तू मनाला येईल तशा देऊन टाकता येत नाहीत. १९८३चा नॅशनल हेरिटेज अॅक्ट त्यांचे हात बांधतो. ब्रिटिश म्युझियमसाठी असाच १९६३चा वेगळा कायदा आहे. मग त्यांच्याकडे दार उरतं ते उसनं देण्याचं. यावर चिडायचं की निदान डोळ्यांनी बघायला तरी मिळालं म्हणून खूश व्हायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. साताऱ्याच्या रांगेत मला दोन्ही प्रकारची माणसं भेटली. बाबांच्यात तर दोन्ही एकाच वेळी होती.

आणखी एक गोष्ट, जी मला आवडली. या वाघनखांसोबत एक पेटी आहे. ही शिवाजी महाराजांची वाघनखं असून जेम्स ग्रँट डफला पेशव्यांच्या पंतप्रधानांकडून मिळाली, अशा अर्थाचा मजकूर त्या पेटीवर आहे. हा ग्रँट डफ १८१८पासून साताऱ्याचा रेसिडेंट होता आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच. पण अफझलखानाचा वध १६५९चा. मधल्या जवळजवळ १६० वर्षांत ती कुणाकुणाकडे होती, याची साखळी जुळत नाही. त्यामुळे महाराजांनी वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असं स्वतः व्ही अँड ए सांगतं. आपल्याकडेही इतिहास संशोधकांनी हाच मुद्दा मांडला आणि त्यावर भरपूर वाद झाला.

मी हे गाडीत बाबांना सांगितलं. वाटलं, हिरमुसतील. ते म्हणाले, ‘खात्री नाही असं लिहून ठेवलंय ना? मग बरं. खोटं लिहून ठेवण्यापेक्षा बरं.’

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

लग्न ठरवण्यापेक्षा अवघड

माझी एक मैत्रीण एका संग्रहालयात रजिस्ट्रारचं काम करते. रजिस्ट्रार म्हटलं की आपल्याला लग्नाची नोटीस आठवते. ही मात्र वस्तूंची रजिस्ट्रार. कुठली वस्तू कुठे आहे, कुणी मागितली, कधी गेली, कशी परत आली, याचा पाई-पाईचा हिशोब तिच्याकडे. मी तिला म्हटलं, ‘समज, मला तुमच्याकडची एक पैठणी प्रदर्शनासाठी हवीय. काय करू?’ ती हसली. ‘लग्न ठरवण्यापेक्षा अवघड आहे, चालेल?’

आधी पत्र. तेही प्रदर्शनाच्या सहा महिने ते वर्षभर आधी. वस्तू कशाला हवी, किती दिवस, कुठे ठेवणार. मग ‘स्थळाची’ चौकशी. याला म्हणतात फॅसिलिटी रिपोर्ट. इमारतीला आग लागली तर काय? रात्री पहारा कोण देतं? दमटपणा किती? उजेड किती? एवढंच कशाला, तुमच्या दारातून आमची पेटी आत जाईल का? हो, दाराची मापंसुद्धा!

उजेडाचा किस्सा ऐकण्यासारखा आहे. जुनं कापड, कागदावरची चित्रं यांना साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश देत नाहीत. तुम्ही ज्या ऑफिसात बसून हे वाचताय तिथे तीनशे ते पाचशे लक्स सहज असतात. रंग एकदा उडाला की तो कुठलंच क्रीम लावून परत येत नाही. म्हणून म्युझियममध्ये अंधार असतो, बॉस. वीजबिल वाचवायला नाही! वाघनखं पोलादी. त्यांना उजेडाची भीती कमी, पण दमट हवेची जास्त. आणि आली कधी, तर भर जुलैत साताऱ्याला! काचेची ती पेटी नुसती चोरांपासून वाचवायला नसते, हे मला तेव्हा कळलं.

मग विमा. त्याला ‘नेल टू नेल’ म्हणतात, खिळ्यापासून खिळ्यापर्यंत. म्हणजे भिंतीवरून चित्र काढल्या क्षणापासून ते परत त्याच खिळ्यावर लागेपर्यंत. मधला ट्रक, विमान, गोडाऊन सगळं त्यात आलं. मग पेटी. प्रत्येक वस्तूच्या मापानं बेतलेली, आतून फोम लावलेली. सोबत कुरिअर. आपल्या सोसायटीच्या गेटवर फोन करणारा नव्हे हं! हा म्युझियमचा माणूस असतो आणि पेटीबरोबर प्रवास करतो. पाठवणीला करवली जाते तसा. पेटी पोचली तरी लगेच उघडायची नाही. नव्या हवेची सवय व्हावी म्हणून ती साधारण चोवीस तास तशीच ठेवतात. जेटलॅग वस्तूंनाही असतो तर!

आणि या सगळ्याचा प्राण म्हणजे कंडिशन रिपोर्ट. निघताना वस्तूचा प्रत्येक ओरखडा, प्रत्येक टवका, प्रत्येक डाग लिहायचा, फोटो काढायचे. पोचल्यावर पुन्हा तेच. परत निघताना तेच. घरी आल्यावर पुन्हा तेच. दोन्हीकडच्या सह्या. ‘हा टवका आमच्याकडे आला तेव्हापासूनच होता’ हे भांडण मग होतच नाही.

वस्तू भारताबाहेर जायची असेल तर आणखी एक पायरी. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर न्यायला सरकारी परवाना लागतो. तरीही वस्तू जातात आणि येतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला पोसायडनचा छोटा कांस्य पुतळा, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधल्या प्रदर्शनात होता. आपल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१३-१४च्या हिवाळ्यात सायरस सिलिंडर येऊन गेला. २०१७-१८मध्ये ‘इंडिया अँड द वर्ल्ड’मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या वस्तू भारतातल्या वस्तूंच्या शेजारी मांडल्या गेल्या. मी तेव्हा कॉलेजात होते. लेक्चर बंक करून गेले होते आणि थाळी फेकणाऱ्या त्या ग्रीक पठ्ठ्यासमोर उभी राहून फोटो काढला होता. तो इथे यावा म्हणून इतका खटाटोप झाला असेल, हे गावीही नव्हतं.

आजीचा अडकित्ता

आता मला एक कन्फेशन द्यायचंय.

त्याच वर्षी आमच्या कॉलेजच्या फेस्टमध्ये ‘आजीचं घर’ नावाचा कोपरा करायचं ठरलं. सगळ्यांनी घरून जुन्या वस्तू आणायच्या. मी वाईला आजीकडे गेले आणि तिचा पितळी अडकित्ता मागितला. दोन पोपट पाठीला पाठ लावून बसलेले, असा. तिला तो तिच्या सासूनं दिलेला. आजी रोज दुपारी त्यानं सुपारी कातरायची. तिनं विचारलं, ‘परत कधी?’ मी म्हटलं, ‘अगं, सोमवारी!’

फेस्ट मस्त झालं. आमच्या कोपऱ्याला बक्षीसही मिळालं. आवराआवर करताना कुणीतरी सगळ्या वस्तू दोन खोक्यांत भरल्या. सोमवारी एक खोकं सापडलं. दुसरं नाही. कुणी नेलं, कुठे ठेवलं, काहीच नोंद नव्हती. फोटो होते, पण आमचे. अडकित्त्याचा एकही नाही. वॉचमनपासून ऑफिसपर्यंत सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाचं उत्तर एकच, ‘तुम्ही आमच्याकडे दिल्याचं काही लिहिलंय का?’

आजीला सांगताना मी रडले. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘लिहून ठेवायचं गं, बाळा.’

आणि हे ती नुसतं बोलायची नाही. तिच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असायचं. त्यावर दुधाच्या हिशोबाशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘कुलकर्णी – मोठी परात’, ‘शेवंता – पाट ४’. वस्तू परत आली की त्यावर काट. परात परत आली की ती उजेडात धरून फिरवून बघायची, पोचा पडलाय का. आणि प्रत्येक भांड्यावर तिचं नाव आणि तारीख कोरलेली. आपल्या सगळ्यांच्याच घरात अशी भांडी आहेत. आम्ही पोरं त्याला हसायचो.

रजिस्ट्रार मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘अगं, भांड्यावरचं नाव म्हणजे नोंदणी क्रमांक, कालनिर्णय म्हणजे लोन रजिस्टर आणि पोचा बघणं म्हणजे कंडिशन रिपोर्ट. तुझी आजी आमच्यात शोभली असती.’ अडकित्त्यावर मात्र नाव नव्हतं. एवढ्याशा पोपटांवर कोरायला जागाच नव्हती.

आजी जाऊन आता काही वर्षं झाली. पुण्यात केलकर संग्रहालयात गेले की अजूनही माझे पाय आपोआप अडकित्त्यांच्या कपाटाकडे वळतात. काकासाहेब केलकरांनी आयुष्य घालवून गोळा केलेले, नाना आकारांचे. आमचे पोपट तिथे असणार नाहीत हे मला माहीत आहे. तरी बघते.

एका घुबडाची गोष्ट

तुम्ही म्हणाल, एका अडकित्त्यानं काय बिघडतं? तर ऐका. एका खोट्या चिठ्ठीनं काय बिघडतं, ते.

म्युझियममधल्या वस्तू फक्त काचेआड मांडायला नसतात. त्यांचा मोठा हिस्सा मांडलेलाच नसतो. कपाटांत, खणांत असतो आणि संशोधक तो बघायला येतात किंवा मागवून घेतात. वनस्पतींचे वाळवलेले नमुने, पक्ष्यांची कातडी अशा गोष्टी एका संस्थेकडून दुसरीकडे अभ्यासासाठी जात-येत असतात. बोली तीच. परत करायची.

रानपिंगळा हे आपल्याकडचं छोटं घुबड. १८८४मध्ये पश्चिम खान्देशात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर पक्षी गायब. सलीम अलींसारख्यांनी शोधूनही मिळाला नाही. मधला एकच पुरावा होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या बड्या ब्रिटिश कर्नलच्या संग्रहातला एक नमुना, चिठ्ठीवर गुजरातमधलं मांडवी आणि साल १९१४.

नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन ही अमेरिकन पक्षीतज्ज्ञ जुने नमुने तपासत होती. जगभरात रानपिंगळ्याचे उणेपुरे सात नमुने! तिनं आणि नायजेल कॉलरनं कर्नलसाहेबांचा नमुना बारकाईनं पाहिला. एक्स-रे काढले, आतलं भरण बघितलं, शिलाई बघितली. आणि भांडं फुटलं. हा पक्षी १९१४चा नव्हताच. तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. लंडनच्या संग्रहातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, नवी चिठ्ठी लावलेला! या साहेबांना तिथल्या पक्षी विभागात एकदा दीड वर्ष बंदीही झाली होती. पण मोठा माणूस, पुन्हा आत घेतलं. असे त्यांचे उद्योग नंतर कितीतरी निघाले.

खोटी चिठ्ठी बाजूला केली आणि खऱ्या चिठ्ठ्या उरल्या. त्यांवरची गावं धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट भारतात आले. २५ नोव्हेंबर १९९७. नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळच्या जंगलात, एका निष्पर्ण झाडावर, सकाळच्या उन्हात रानपिंगळा बसला होता. ११३ वर्षांनी!

पुढे मेळघाटात तो चांगल्या संख्येनं मिळाला. २०१४मध्ये तर तानसा अभयारण्यात दिसला, म्हणजे मुंबईपासून वीकेंड ड्राइव्हवर. संपला असं समजून आपण त्याचं जंगल सोडून दिलं असतं, तर? आठवलं बाबांचं वाक्य?

ऑर्डर प्लीज!

हे सगळं फक्त पीएचडीवाल्यांसाठी आहे असं वाटत असेल, तर माझ्या मावसभावाची गोष्ट. तो लंडनला आयटीत आहे. व्ही अँड एनं ३१ मे २०२५ला पूर्व लंडनमध्ये ‘स्टोअरहाउस’ उघडलं. अडीच लाखांहून जास्त वस्तूंचं गोदामच लोकांसाठी खुलं! ऑनलाइन यादीतून पाच वस्तूंपर्यंत निवडायच्या, निदान दोन आठवडे आधी वेळ घ्यायची आणि त्या दिवशी वस्तू तुमच्यासमोर टेबलावर. फुकट. ना डिग्री विचारत, ना कारण. सुरुवातीला सगळ्यात जास्त मागणी कशाला होती माहितीये? बालेन्सियागाच्या १९५४च्या इव्हिनिंग गाउनला!

भावानं जुनी भारतीय कापडं मागवली. शेजारी स्टाफ उभा. त्यानं रात्री फोन केला. ‘अगं, काठ बघितला आणि आजीच्या ट्रंकेचा वास आला. खरंच आला.’ त्या रात्री आम्ही दोघं आजीबद्दल तासभर बोललो.

आणि आता माझी पाळी

गेल्या महिन्यात माझ्या ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. ती जुन्या स्वयंपाकघरांवर छोटं प्रदर्शन करतेय. ‘तुझ्या आजीचा तो नाव कोरलेला पितळी डबा देशील? पंधरा दिवसांसाठी?’

माझ्या तोंडात ‘नाही’ आलं होतं. आजीचा तेवढाच डबा माझ्याकडे आहे. मी त्यात लवंगा ठेवते. रात्रभर विचार केला. मग वाटलं, साताऱ्याला बाबा दोन मिनिटं गप्प झाले होते, ते कुणीतरी वस्तू द्यायला तयार झालं म्हणूनच ना?

मी हो म्हटलं. पण कागदावर. डब्याचे सहा बाजूंनी फोटो काढले. झाकणाजवळचा जुना पोचा लिहिला, तळाचा डाग लिहिला. नेण्याची तारीख, आणण्याची तारीख, दोघींच्या सह्या. ती म्हणाली, ‘केवढी ऑफिशियल झालीयेस!’ मी म्हटलं, ‘माझ्या आजीवर गेलेय.’

ती गेल्यावर मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर पंधरा दिवसांनंतरच्या चौकोनात लिहिलं, ‘आजीचा डबा’.

काल तो परत आला. खिडकीशी नेला, उजेडात धरून फिरवला. नवा पोचा नाही. काट मारली. लवंगा परत भरल्या.

घरातली वस्तू प्रदर्शनाला देताय?

• सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तारखेसकट.
• आधीचे ओरखडे, पोचे, डाग लिहून दोघांच्या सह्या घ्या.
• नेण्याची आणि परत करण्याची तारीख कागदावर हवी. ‘सोमवारी’ चालणार नाही!
• वस्तू कुठे ठेवणार, कुलूप आहे का, ऊन येतं का, हे बिनधास्त विचारा.
• जुनी साडी किंवा कागद असेल तर प्रखर दिवे नकोत, हे आधीच सांगा.
• वस्तूची गोष्ट लिहून सोबत द्या. आणि जे नक्की माहीत नाही, त्यापुढे ‘नक्की माहीत नाही’ असंच लिहा.